तीन शेपट्यांचे वकील

देवरे वकिलांनी एकदा एका निवडुंगाला तारीख दिली होती.

निवडुंग डालड्याच्या डब्यात होता. डब्याच्या काठावरून त्याच्या फांद्या शेपट्यांसारख्या खाली लोंबत होत्या. तो घेऊन आलेले चित्रकलेचे शिक्षक ओट्याच्या पायरीवर उभे होते. वकिलांनी बनियनवर काळा कोट चढवला, जाड काचांचा चष्मा सावरत ते खुर्चीत बसले आणि त्यांनी भिंग चष्म्यासमोर धरून एकेक शेपटी टोकापासून मुळापर्यंत तपासली.

"प्रथमदर्शनी उंदीर," ते म्हणाले. "पण फूल पाहिल्याशिवाय अंतिम निकाल नाही. फाल्गुनात घेऊन या."

"नाना, फाल्गुनाला अजून पाच महिने आहेत."

"धुळ्याच्या कोर्टात एखादा बांधाचा दावा लावून बघा. मग पाच महिने किती थोडे असतात ते कळेल."

आतून वकिलांच्या पत्नीचा, सरूकाकूंचा आवाज आला, "तो काय कोर्टमा उभा शे, तारीख देवाले?"

वकिलांनी तिकडे लक्ष दिले नाही. शिक्षक डबा उचलून निघाले आणि फाल्गुनात खरोखर परत आले.

हे धुळ्याच्या देवपुरातले, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातले. जळगावच्या एका दैनिकाचा धुळ्याचा बातमीदार म्हणून मी त्या वेळी वकिलांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. त्र्यंबक देवरे दिवाणी वकील होते. पक्षकार बहुतेक शेतकरी, भांडणे बहुतेक बांधाची. कोर्टात ते कमी आणि हळू बोलत, न्यायाधीशांना दोनदा "काय म्हणालात?" असे विचारावे लागे. पण रविवारी सकाळी ओट्यावर कोट चढला की त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. गल्ली त्यांना वकीलनाना म्हणत असे.

त्यांचा विषय एकच होता, लोंबणाऱ्या निवडुंगांच्या तीन जाती. एक उंदराची शेपटी, दुसरी सोनशेपटी, तिसरी कुत्र्याची शेपटी. फुले आली की तिन्ही ओळखणे सोपे: उंदराला गडद गुलाबी, सोनेरीला नारिंगी, कुत्र्याला पांढरे आणि तेही अंधार पडल्यावर. अडचण अशी की फूल वर्षातून थोडे दिवस असते आणि शेपटी बारा महिने. बाकीच्या काळात तिन्ही डब्यांतून सारख्याच लोंबतात, सारख्याच टोचतात आणि येणारेजाणारे तिन्हींकडे बघून "अरे वा, कॅक्टस" एवढेच म्हणतात. हे वाक्य ऐकले की वकिलांच्या चेहऱ्यावर दाढदुखीची कळ येई.

या विषयात ते पडले नरडाण्यामुळे. तिथल्या स्टेशनमास्तरांची बदली झाली तेव्हा सामान आवरताना त्यांनी तीन कुंड्या वकिलांना देऊन टाकल्या. गाडीच्या दारात उभे राहून त्यांनी तिघींची नावे सांगितली. नावे वकिलांना नीट समजली. कोणते नाव कोणत्या कुंडीचे, ते मात्र सुटलेल्या गाडीबरोबर गेले. तिन्ही कुंड्यांना फूल येईपर्यंत वकिलांनी दोन उन्हाळे काढले. त्या दोन उन्हाळ्यांत त्यांनी फुलाशिवाय ओळखण्याच्या खुणा शोधल्या आणि त्या त्यांना कायद्याच्या कलमांसारख्या पाठ झाल्या.

पहिली खूण हिरव्याची. शेपटीवरच्या काट्यांतून हिरवी साल दिसते का? उंदराची दिसते. सोनेरीचे काटे इतके दाट की हिरवे झाकून जाते. दुसरी खूण स्पर्शाची. हाताची पालथी बाजू वरून खाली फिरवायची. उंदीर म्हणजे दोन दिवसांची दाढी. सोनेरी म्हणजे मांजराची पाठ, पण मांजर चिडलेले नसताना. तिसरी खूण कण्यांची, म्हणजे उभ्या धारांची. कुत्र्याच्या धारा एका हाताच्या बोटांवर मोजून होतात, उंदराच्या दोन्ही हात वापरून, आणि सोनेरीच्या मोजताना माणूस चुकतो. "चुकलात, की समजा सोनेरी," असे ते शिकवत.

या ज्ञानाला गिऱ्हाईक भरपूर होते. त्याचे कारण गल्लीची एक रीत. देवपुरात तेव्हा सगळ्यांची पक्की समजूत होती की रोपाची फांदी मागून आणली तर लागत नाही, चोरून आणली तरच लागते. त्यामुळे सभ्य घरांतल्या सभ्य बायका हळदीकुंकवाला जाताना पर्समध्ये ओला रुमाल ठेवत. चोरलेल्या फांदीचे नाव मालकाला विचारता येत नाही. म्हणून गल्लीतल्या निम्म्या कुंड्या निनावी होत्या आणि त्या सगळ्या रविवारी वकिलांकडे येत.

चोरी हा गुन्हा असल्याचे वकिलांना अर्थातच माहीत होते. तरीही त्यांनी एक कुंडी मुद्दाम कंपाउंडच्या भिंतीवर, रस्त्यावरून हात पोचेल अशी ठेवली होती. कोणी भिंतीजवळ रेंगाळले की ते मोठ्याने खाकरत आणि पाठ करून घरात जात. एकदा गल्लीत नव्याने राहायला आलेल्या बाईंनी फाटक वाजवून सरळ विचारले, "वकीलसाहेब, याची एक फांदी मिळेल का?"

वकील हादरले. "अहो, मागताय काय? लागायची नाही ती."

"मग?"

"मी आत जातो. तुम्ही काय ते बघा."

बाई गोंधळून तशाच परत गेल्या. दुसऱ्या दिवशी सरूकाकूंनी त्यांना घरी बोलावून रीत समजावून सांगितली. संध्याकाळपर्यंत कुंडीतली एक शेपटी कमी झाली होती आणि वकील समाधानाने खाकरत होते.

त्यांचे ज्युनिअर होते रफिक अन्सारी, यंत्रमागाच्या धंद्यातल्या घरातला पहिला वकील. अन्सारींना निवडुंगात रस नव्हता, पण रविवारी वकिलांकडे चहाबरोबर भरीत-भाकरीही मिळे. वकिलांनी त्यांच्यासाठी ओळखपरेड सुरू केली. तीन सारखे डबे वर्तमानपत्रात गुंडाळायचे, फक्त शेपट्या बाहेर. अन्सारींचे डोळे पंच्याने बांधायचे आणि हात लावून ओळखायला सांगायचे.

"हा उंदीर," अन्सारी म्हणत.

"कशावरून?"

"टोचलं, नाना."

"तिन्ही टोचतात, अन्सारी. आरोपीने मारलं एवढं सांगून चालत नाही. कसं मारलं ते सांगा."

"नाना, आरोपी बोटातच राहिला आहे."

मग सरूकाकू चिकटपट्टी घेऊन येत आणि अन्सारींच्या बोटांत शिरलेली बारीक कुसळे ओढून काढत. "बठ्ठी गल्ली तुमले हसस," त्या वकिलांना सांगत. गल्ली हसत होती हे खरे, पण परेड बघायला कुंपणाशी उभीही राहत होती. एकदा पोस्टमनने मांजराची पाठ नीट कळावी म्हणून शेपटी गालाला लावून पाहिली. तो आठवडाभर अर्ध्या दाढीने पत्रे वाटत होता.

अशा माणसाच्या मुलीचे लग्न ठरायचे होते.

सुनंदा शाळेत शिक्षिका होती. वडिलांचे भिंग आणि आईची जीभ, दोन्ही तिच्याकडे होते. जळगावच्या बोरसेआप्पांचा मुलगा संजय भडगावला बँकेत होता. मुलाकडचे लोक येऊन मुलगी पाहून गेले. सुनंदाने आईला सांगितले की हे स्थळ मोडू नका. यापूर्वी आलेल्या स्थळांबद्दल तिने कधी एवढेही म्हटले नव्हते. आता मुलीकडच्यांनी जळगावला जाऊन घर पाहायचे, तिथेच होकार द्यायचा, असे ठरले. अशा वेळी सोबत एक तिऱ्हाईत माणूस असावा म्हणून मला घेतले. माझा माणूस म्हणून उपयोग नव्हता, पण 'पेपरवाले' म्हणून होता.

पारोळा, एरंडोल करत एसटी जळगावला पोचली. बोरसेआप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मऊ बोलणारे गृहस्थ होते. घर स्वच्छ, माणसे साधी. पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या अरुंद बोळात, बंद खिडकीजवळ, एक कुंडी टांगलेली होती. चहा येण्याआधी आप्पांनी सगळ्यांना तिथे नेले. प्रत्येक पाहुण्याला ते आधी तिथे नेत, हे नंतर कळले.

"ही आमची सोनशेपटी," आप्पा म्हणाले. "कालिम्पाँगच्या नर्सरीतून पोस्टाने मागवली. जळगावच्या उन्हाने माणूस वाळतो, म्हणून हिला आतच जपतो. उन्हाळ्यात तर इथे वाळ्याचा पडदा असतो. घरातली लक्ष्मी म्हणतो आम्ही हिला."

कुंडीतून बारीक, लांब शेपट्या लोंबत होत्या. काटे विरळ होते. मधून हिरवे स्पष्ट दिसत होते.

सरूकाकूंनी वकिलांच्या पायावर पाय ठेवला.

"छान," वकील म्हणाले. थोडा वेळ गेला. "फूल आलं होतं का?"

"अजून नाही आलं. येईल."

आणखी थोडा वेळ गेला. मग वकिलांचा हात कोटाच्या खिशात गेला आणि भिंग घेऊन बाहेर आला. त्यांनी हाताची पालथी बाजू एका शेपटीवरून वरून खाली फिरवली. त्याच वेळी संजय पोह्यांच्या बशा घेऊन आला आणि बोळाच्या तोंडाशी थांबला, कारण पुढे जायला जागा नव्हती.

"आप्पा, गैरसमज नसावा," वकील म्हणाले. "ही उंदराची आहे."

"काय?"

"उंदराची शेपटी. हिरवं दिसतंय, बघा. सोनेरीत हिरवं दिसत नाही. नर्सरीवाल्यांनी फसवलं तुम्हाला."

आप्पा कुंडीकडे पाहत राहिले. वकिलांना त्यांचे मौन म्हणजे उलटतपासणीला मुभा वाटली. त्यांनी कण्यांचा मुद्दा मांडला, दाढीचा मांडला, आप्पांचा हात धरून तो शेपटीवर फिरवून दाखवला. पोहे गार झाले. निघताना आप्पा फाटकापर्यंत आले आणि हात जोडून "कळवतो" म्हणाले.

परतीच्या एसटीत पारोळ्याला सरूकाकूंनी विचारले, "तुम्ही सोयरीक कराले गयथात, का शेपट्या मोजाले?"

"मी खोटं बोलू?"

"बोलतात ते काय व्हतं? शेपटी काय तुमनी साक्ष काढाले येणार व्हती?"

"आज उंदराला सोनेरी म्हटलं, तर उद्या बांधावरचा दगड दहा हात सरकवून पक्षकार म्हणेल, इथेच होता. मी काय सांगू त्याला?"

सरूकाकूंनी मांडीवरची पर्स घट्ट धरली आणि खिडकीबाहेर पाहिले.

जळगावहून निरोप आला नाही. हिवाळा सरला, लग्नसराई तोंडावर आली. सुनंदा शाळेत जात होती, येत होती, घरात लागेल तेवढे बोलत होती. वडिलांशी तेवढेही नाही. एका रविवारी ती परेडच्या मधोमध ओट्यावर आली आणि कुंपणाशी उभ्या असलेल्या लोकांदेखत म्हणाली, "नाना, तुमच्या शेपट्यांना वर्षातून एकदा फूल येतं. मला परत स्थळ यायला किती दिवस लागतील, त्याचीही तारीख देऊन ठेवा." वकिलांनी कोट काढला. पुढच्या रविवारी ओटा रिकामा होता. लोक डबे घेऊन आले आणि परत गेले.

जळगावला जाऊन विचारावे असे अन्सारींनी सुचवले. वकील म्हणाले, "जाऊन काय सांगू? निकाल मागे घेतला असं? नवा पुरावा नसताना?"

नवा पुरावा गच्चीवर होता. चैत्रात एकदा नळाला पाणी आले नाही म्हणून वकील टाकी बघायला वर आले. कपड्यांच्या दोरीच्या खिळ्याला, भर उन्हात, एक पत्र्याचा डबा टांगलेला होता. त्यात एकच शेपटी होती. तिचा वरचा भाग बारीक, विरळ, हिरवा होता. टोकाचा वीतभर नवा भाग मात्र अंगठ्याएवढा जाड झाला होता आणि त्यावर दाट पिवळेधमक काटे होते. ते उन्हात चमकत होते. हिरवे कुठेही दिसत नव्हते.

मी त्या वेळी वरच होतो. वकिलांनी भिंग काढले नाही. हाताची पालथी बाजू फिरवली आणि तशीच धरून ठेवली.

"हे कुणाचं?" त्यांनी जिन्यातून खाली विचारले.

सरूकाकू पदराला हात पुसत वर आल्या. "सोनं शे. तुमना व्याहीना घरनं. मीच लई उनू."

"कधी?"

"तुम्ही त्यासना हात धरीसन शेपटीवर फिरावत व्हतात ना, तवय. बठ्ठा तुमनाकडे देखत व्हतात."

वकील टाकीच्या कठड्यावर बसले. सावलीत वाढलेली सोनशेपटी बारीक होते, तिच्या धारा कमी होतात, काटे विरळ पडतात आणि ती हुबेहूब उंदरासारखी दिसते. हा मुद्दा त्यांच्या कलमांत नव्हता, कारण नरडाण्याच्या कुंड्या पहिल्या दिवसापासून उन्हात होत्या. उन्हाला घाबरून निवडुंगाला घरात कोंडणारे जळगाव त्यांनी हिशेबात धरलेच नव्हते.

संध्याकाळी अन्सारींना बोलावणे गेले. पेच साधा होता. चूक कबूल करायची तर पुरावा दाखवावा लागणार, आणि पुरावा चोरीचा. मुलीच्या आईने होणाऱ्या व्याह्यांच्या घरातून चोरलेला.

"पुरावा कुठून आला ते सांगूच नका," अन्सारी म्हणाले.

"ते विचारतील."

"मग म्हणा, वाऱ्याने आला."

"जळगावहून धुळ्याला?"

"नाना, मी ज्युनिअर आहे. एवढंच सुचतं."

याच सुमारास मला जळगावच्या कचेरीत परत बोलावण्यात आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, भर दुपारी, देवरे वकील कचेरीच्या दारात उभे राहिले. अंगात काळा कोट, हातात पत्र्याचा डबा, कपाळावरून घाम. "चला," ते म्हणाले. "तेव्हा तुम्ही हजर होता. आताही राहा."

बोरसेआप्पांनी दार उघडले आणि डबा पाहून एक पाऊल मागे सरले. मधल्या बोळात कुंडी नव्हती. नुसता हूक होता.

वकील बसले नाहीत. "आप्पा, मी चुकलो. तुमची शेपटी सोनेरीच आहे. सावलीमुळे तिचं रूप बदललं आणि माझा निकाल चुकला. हा पुरावा." त्यांनी डबा टेबलावर ठेवला. पुढचे वाक्य कोर्टातल्या आवाजात, हळू आले. "हा तुमच्याच कुंडीतला आहे. विचारल्याशिवाय नेलेला. नेणारी व्यक्ती माझ्या घरातली आहे. त्याची शिक्षा मुलीला होऊ नये, एवढी विनंती."

आप्पांनी डब्यातल्या शेपटीला बोट लावले. मग पालथा हात लावला. तो त्यांनी वरून खाली फिरवला, अगदी शिकवल्याप्रमाणे.

"म्हणजे सोनेरीच?"

"सोनेरीच."

"अगं, ऐकलंस का?" आप्पा एकदम आत ओरडले. "सोनेरीच आहे! काढ ती मोरीतून!"

त्यांच्या पत्नी, बोरसेकाकू, ओल्या हाताने बाहेर आल्या. "कुंडीचं राहू द्या. पोराचं काय ते बोला आधी."

"पोराचं काय बोलायचं? पोराचं ठरलेलंच आहे," आप्पा म्हणाले.

वकिलांनी टेबलाचा काठ धरला. "ठरलेलं? मग निरोप का नाही आला?"

आप्पा खाली पाहू लागले. सारे आयुष्य धरणांच्या भिंती उभ्या करण्यात घालवलेला तो माणूस पुटपुटला, "वीस जणांना सोनेरी म्हणून दाखवली होती, वकीलसाहेब. तुम्ही उंदीर म्हणालात. तुम्हाला कुठल्या तोंडाने कळवणार? म्हटलं, फूल येऊ दे. नारिंगी आलं की मग लिहू."

"आणि गुलाबी आलं असतं तर?"

आप्पांनी पुन्हा एकदा शेपटीवर पालथा हात फिरवला.

"माझी काही शंकाच नव्हती," बोरसेकाकू म्हणाल्या. "विहीणबाईंनी शेपटी मोडून रुमालात घातली, ती मी स्वयंपाकघरातून पाहिली ना. म्हटलं, आमच्या घरचं आपल्या घरी लावायला नेतेय, म्हणजे हिला घर पसंत आहे. ही मुलगी देणार."

"मग मला का नाही सांगितलंस?" आप्पा म्हणाले.

"तुम्ही विचारलंत का? हिवाळाभर मोरीत जाऊन त्या कुंडीकडे बघत उभे राहायचात. आंघोळीला पाणी गार व्हायचं."

त्यानंतरचा अर्धा तास दोन्ही व्याही मोरीतल्या कुंडीला जागा शोधत घरभर फिरत होते. वकील सकाळचे ऊन मागत होते, आप्पांना तेही जास्त वाटत होते. बोरसेकाकूंनी कपाटाच्या वरून एक जाडजूड पंचांग काढून मुहूर्त पाहिले आणि वैशाखातला एक माझ्याकडे बघून निश्चित केला, कारण ऐकायला दुसरे कोणी नव्हते.

लग्न धुळ्याला झाले. मला जाता आले नाही, तोवर वर्तमानपत्राने मला आणखी लांब पाठवले होते. अन्सारींनी नंतर सांगितले की सुनंदाने वडिलांना मांडवात कोट घालू दिला नाही.

माझ्या डोळ्यांसमोर राहिले आहेत ते त्या दुपारचे वकील. मी त्यांना जळगावच्या स्टँडवर पोचवायला गेलो होतो. धुळ्याच्या गाडीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. बसल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि रुमालाने डोळे पुसू लागले. बराच वेळ पुसत होते. गाडी मागे सरली, वळली, तरी चष्मा हातातच होता. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली, फलाटावर नजर फिरवली आणि माझ्यापासून दहा पावलांवर केळ्यांचा घड घेऊन उभ्या असलेल्या एका माणसाकडे बघून जोरजोराने हात हलवला.

"येतो बरं का, भाऊ!" ते ओरडले. "लग्नाला नक्की या!"

त्या माणसाने घड खाली ठेवला आणि दोन्ही हात वर करून सांगितले, "येतो, नाना, येतो!"